तघाझाचे मीठ आणि मानसा मुसाचे सोने

(इटारसी येथे रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात मराठी भाषिक सभासदांपुढे केलेले भाषण)

आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली, ती मी ऐकली. महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही, रिक्त जागा नाहीत. सेक्रेटरी एकदम आफ्रिकेत कुठे निघाले? तेव्हा आधी त्याचा खुलासा करतो.

मागच्या वर्गात मी तुम्हाला डाकार-नायजर रेल्वेच्या संपाची हकीकत सांगितली होती. १० ऑक्टोबर १९४७ ते १९ मार्च १९४८. पाच महिन्यांवर. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतले सुमारे वीस हजार रेल्वे कामगार त्यात उतरले होते. गोऱ्यांना एक श्रेणी आणि काळ्यांना दुसरी, हे चालणार नाही, सर्वांना एकच श्रेणी लावा, ही त्यांची मुख्य मागणी. उस्मान सेम्बेन या लेखकाने १९६० साली या संपावर कादंबरी लिहिली. ती मी इंग्रजीत, शेजारी शब्दकोश ठेवून, तीन महिन्यांत वाचली. हे सगळे सांगून झाल्यावर एक तरुण ट्रॅकमन उभा राहिला आणि त्याने विचारले, "दादा, फ्रेंचांनी रेल्वे नेली त्याच्या आधी तिकडं होतं काय? जंगलच ना?" सगळे हसले. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

पण घरी गेल्यावर तो प्रश्न सुटेना. कारण हेच वाक्य आपल्याबद्दलही बोलले जाते. इंग्रज आले, त्यांनी रेल्वे आणली, त्याआधी या देशात होतेच काय? आपल्याबद्दल असे कोणी म्हटले तर आपल्याला राग येतो, आणि दुसऱ्याबद्दल आपणच म्हणतो तेव्हा हसू येते. म्हणून वर्षभर जमेल ते वाचले. मी मॅट्रिक झालेला माणूस. प्राध्यापकासारखे सांगता येणार नाही. वाहतुकीच्या धंद्यात आयुष्य गेले, तेव्हा वाहतुकीच्या बाजूने जे समजले तेवढे सांगतो.

नकाशा फळ्यावर काढला आहे तो पाहा. वर सहारा वाळवंट. त्याच्या खाली पूर्व-पश्चिम पसरलेला कोरड्या गवताचा पट्टा, त्याला साहेल म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. हिंदी गाण्यांतला 'साहिल' तोच. मूळ अरबी, अर्थ किनारा. वाळूच्या समुद्राचा किनारा. वाळवंट ओलांडून आलेला तांडा जिथे टेकतो ती बंदरे या किनाऱ्यावर. त्याच्या खाली शेतीचा मुलूख आणि आणखी दक्षिणेला दाट अरण्य. या सगळ्यातून नायजर नदी वाहते. ती आधी उत्तरेला वाळवंटाकडे चढते आणि मग मोठे वळण घेऊन खाली उतरते. त्या वळणावर टिंबक्टू आणि गाओ ही गावे, अलीकडे जेन्ने.

आता यात कुठे काय मिळते? सोने दक्षिणेला, बांबुक आणि बुरे या भागांत. मीठ उत्तरेला, वाळवंटाच्या पोटात. दक्षिणेच्या उष्ण मुलखात घाम गाळून शेती करणाऱ्या माणसाला मीठ लागतेच लागते. मे महिन्यात गँगमध्ये काम केलेल्याला हे वेगळे सांगायला नको. सोन्यावाचून कोणी मरत नाही. त्यामुळे खणणाऱ्याच्या दृष्टीने सोने देऊन मीठ घेणे हा वेडेपणा नव्हता. मात्र पुष्कळ पुस्तकांत 'सोन्याच्या भारोभार मीठ' असे लिहिलेले असते, त्यावर माझा विश्वास नाही. प्रत्यक्ष भाव लिहून ठेवलेले आहेत, ते पुढे सांगतो.

पण सुरुवात मीठ-सोन्यापासूनही होत नाही. जेन्नेजवळ जेन्ने-जेनो नावाचे एक टेकाड आहे. तिथे १९७७ पासून मॅकिंटॉश पती-पत्नींनी उत्खनन केले. त्याआधी समज असा होता की अरब व्यापारी वाळवंट ओलांडून आले, तेव्हा या भागात शहरे झाली. खणल्यावर निघाले वेगळेच. इसवी सनापूर्वी सुमारे अडीचशे वर्षांपासून तिथे वस्ती होती. लोखंड गाळत होते, भात पिकवत होते. तांदळाची ती जात आफ्रिकेचीच, आपल्याकडची नव्हे. तांबे तर लांबून आणलेले होते, कारण आसपास तांब्याची खाणच नाही. अरबांचा पत्ता नव्हता तेव्हा तिथे मोठे शहर उभे होते. आणि मला विशेष वाटले ते हे, की राजाचा वाडा म्हणावे असे काही तिथे सापडले नाही. लोहार, कोळी, शेतकरी जवळजवळ वस्त्या करून राहत, देवघेव करत आणि त्यातून गाव वाढत गेले. म्हणजे आधी देवघेव आली. साम्राज्य तिच्यावर नंतर येऊन बसले.

ते बसले उंट आल्यावर. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास सहारात उंटाचा वापर वाढला आणि मोठा तांडा नियमाने पलीकडे जाऊ लागला. उत्तरेला मोरोक्कोच्या कडेला आठव्या शतकात सिजिलमासा हे शहर वसले. इकडे साहेलमध्ये सोनिंके लोकांचे राज्य उभे राहिले, तेच घाना. आजचा घाना देश तो हा नव्हे. १९५७ साली स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने जुन्या राज्याचे नाव अभिमानाने घेतले. जुना घाना तिथून शेकडो कोस वायव्येला, आजच्या मॉरिटानिया आणि माली यांच्या सीमेवर. त्याची राजधानी म्हणून मॉरिटानियातले कुम्बी सालेह हे ठिकाण दाखवतात.

या राज्याची हकीकत कोर्दोबाच्या अल-बक्री या विद्वानाने १०६८ साली लिहिली. तो स्वतः तिकडे कधी गेला नव्हता. व्यापाऱ्यांना विचारून लिहिले. पण काय विचारावे हे त्याला बरोबर कळत होते. तो लिहितो, मिठाचे एक गाढव राज्यात शिरले की राजा एक सोन्याचा दिनार घेतो आणि तेच मीठ राज्याबाहेर गेले की दोन दिनार. तांब्याच्या ओझ्यावर पाच मिस्काल, इतर मालावर दहा. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम सोने. साथींनो, हा जकात नाका आहे! येतानाही पैसे, जातानाही पैसे. आता लक्षात घ्या, मिठाची खाण घानाच्या राजाच्या मुलखात नव्हती. सोन्याच्या खाणीही राजधानीपासून दूर होत्या; उत्तम सोने मिळे ते गाव अठरा दिवसांच्या वाटेवर होते असे अल-बक्रीच सांगतो. राजाकडे होता तो मधला नाका. उंटाचे ओझे जिथे उतरते आणि गाढवावर चढते ती जागा त्याच्या ताब्यात होती. त्या जागेवर साम्राज्य उभे राहिले.

दुसरा एक नियम होता. खाणीत सोन्याचा गोळा सापडला तर तो राजाचा. बारीक कण तेवढे लोकांनी विकायचे. नाहीतर सोने इतके होईल की त्याला किंमत राहणार नाही, असे कारण अल-बक्री देतो. माल बाजारात किती येऊ द्यायचा आणि भाव कसा धरून ठेवायचा, ही अक्कल त्या राजाला हजार वर्षांपूर्वी होती.

घानाचा जोर अकराव्या शतकानंतर ओसरला. १०७६ साली अल्मोराविदांनी ते जिंकले असे जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असे. अलीकडचे अभ्यासक त्याला पुरावा नाही म्हणतात. त्या वादात मी शिरत नाही. वाटा सरकल्या, पूर्वेकडे नव्या खाणी चालू झाल्या आणि नाका दुसऱ्याच्या हाती गेला. १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सुंदियाताने सुमांगुरू या राजाचा पाडाव केला आणि मालीचे राज्य उभे केले. सुंदियाताची गाथा तिकडचे गायक पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ सांगत आले आहेत.

मालीचे नाव जगभर झाले ते मानसा मुसामुळे. मानसा म्हणजे राजा. तो १३२४ साली मक्केच्या यात्रेला निघाला आणि वाटेत कैरोला थांबला. तिथे त्याने आणि त्याच्या लोकांनी इतके सोने वाटले आणि खर्चले की कैरोच्या बाजारात सोन्याचा भाव पडला. अल-उमरी हा लेखक बारा वर्षांनी कैरोला चौकशी करत होता, तेव्हाही भाव सावरला नव्हता. पंचवीस दिरहमच्या खाली कधी न येणारा मिस्काल बावीसच्या आसपास होता. हे सगळे सांगतात. परत येताना मुसाजवळचे पैसे संपले आणि त्याच कैरोच्या व्यापाऱ्यांकडून त्याला जबर व्याजाने कर्ज काढावे लागले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सावकाराने राजालाही सोडले नाही.

त्याच अल-उमरीने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. मालीचे राजे मुसलमान, सोने काढणारे लोक आपल्या जुन्या धर्माचे. राजाने एखादे सोन्याचे गाव ताब्यात घेतले आणि तिथे धर्म पसरवला, की त्या गावचे सोने कमी होत होत बंद पडे आणि शेजारच्या गावी वाढे. असा अनुभव वारंवार आल्यावर राजांनी त्या लोकांचे नाव सोडले आणि सोन्याच्या रूपाने खंडणी घेण्यावर समाधान मानले. पुस्तकात याचे कारण दिलेले नाही. मी आपल्या समजुतीने वाचले. फावडे ज्याच्या हातात आहे त्याने हात थांबवले की बादशहा काय करणार? (टाळ्या.) टाळ्या नकोत, हा माझा अर्थ आहे, इतिहासकाराचा नाही.

आता मी मिठाकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

इब्न बतूता हे नाव तुम्ही ऐकले असेल. दिल्लीला महंमद तुघलकाच्या पदरी काझी होता, आपल्या देवगिरी-दौलताबादलाही येऊन गेला. हाच माणूस १३५२ साली सिजिलमासाहून तांड्याबरोबर निघाला आणि पंचवीस दिवसांनी तघाझा या गावी पोहोचला. मिठाची खाण ती इथे. गावात झाड नाही. घरे आणि मशीद मिठाच्या फळ्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. जमीन खणली की मिठाच्या जाड लाद्या निघतात, दोन लाद्या म्हणजे एका उंटाचे ओझे. तिथे राहते कोण? तो स्पष्ट लिहितो, मसुफा टोळीच्या गुलामांखेरीज कोणी राहत नाही. ते मीठ खणतात. खायला खजूर उत्तरेहून येतो, भरड धान्य दक्षिणेहून येते, त्यांच्या पायाखाली मिठाशिवाय काही नाही. पाणी खारट, माशा अतोनात. दहा दिवस त्याने कसेबसे काढले.

त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी हसन अल-वझान, ज्याला युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणतात, तो तिथे गेला. तो लिहितो की धान्याचा तांडा वेळेवर आला नाही तर खणणारे उपाशी मरतात आणि तिथल्या वाऱ्याने त्यांचे डोळे जातात.

आता भाव ऐका. उंटाचे एक ओझे मीठ वालाता या साहेलच्या गावी आठ ते दहा मिस्कालांना विकले जाई. तेच मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीस. वाळवंटाच्या काठापासून राजधानीपर्यंत तिप्पट-चौपट. खाणीवरच्या माणसाला काय मिळत होते? खजूर, उंटाचे मांस आणि धान्य, तेही तांडा आला तर. वाटेवरच्या प्रत्येक हाताने आपला वाटा घेतला, पहिल्या हाताला वाटाच नव्हता.

आणि हा माल चालत कसा होता? तघाझाच्या पुढे दहा दिवसांच्या पट्ट्यात पाणी मिळण्याची खात्री नाही. म्हणून तांडा एक माणूस भाड्याने घेई, त्याला तकशिफ म्हणत. तो एकटा पुढे जाई, वालाताला पत्रे पोहोचवी आणि मग तिकडचे लोक पाणी घेऊन चार दिवसांची वाट उलट चालून तांड्याला भेटत. तकशिफ वाटेत मेला तर वालाताला खबर नाही, पाणी नाही, आणि पुष्कळदा सगळा तांडा खलास. आपण म्हणतो ना, पुढच्या स्टेशनने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. इथे लाइन क्लिअर न मिळताच गाडी सुटलेली आहे आणि एक माणूस ती मागायला वाळूतून पायी गेला आहे. इब्न बतूताच्या तांड्याने त्याला शंभर मिस्काल दिले. सव्वाचारशे ग्रॅम सोने! त्या सगळ्या प्रवासवर्णनात कामाचा रास्त दाम मिळालेला मला हा एकच माणूस दिसला. त्याचे नाव इब्न बतूताने दिलेले नाही. वाटाड्या होता तो एका डोळ्याने आंधळा, दुसरा डोळा आजारी, आणि वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. त्याचेही नाव नाही.

उंट साहेलच्या खाली फार जात नाही. ओल्या मुलखात माशीच्या रोगाने जनावर मरते. म्हणून टिंबक्टूला ओझे उतरायचे, काबारा धक्क्यावरून नावेत चढायचे, नदीने जेन्नेला जायचे, तिथे पुन्हा उतरून गाढवावर आणि पुढे अरण्यात माणसाच्या डोक्यावर. तिकडून सोने आणि कोला नावाचे फळ त्याच वाटेने उलट. मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज शेजारी होते त्या काळात एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत पोती टाकणारे हमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या डोळ्यापुढे टिंबक्टू चटकन येईल. टिंबक्टू म्हणजे ग्रंथ, मशिदी, विद्वान, हे खरेच आहे. जिंगेरेबेर मशीद मुसानेच बांधवली. पण ते गाव मुळात माल उतरवण्याचे ठिकाण होते. विद्वानाची भाकर त्या धक्क्यावरून येत होती.

या व्यापारात चलन काय होते? सोन्याची भुकटी, मिठाचे तुकडे आणि कवड्या. आपल्या देवीच्या माळेतल्याच कवड्या. त्या निघत मालदीव बेटांवर, हिंदी महासागरात. इब्न बतूता मालदीवलाही काझी होता. तो लिहितो, तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, कधी बारा लाखसुद्धा. येमेनचे व्यापारी जहाजाच्या तळाला वजन म्हणून वाळूऐवजी कवड्या भरत. आणि त्याच कवड्या त्याने माली आणि गाओला पाहिल्या. भाव, एका दिनाराला साडेअकराशे. आपण म्हणतो, कवडीमोल. कवडी तीच, समुद्र आणि वाळवंट ओलांडल्यावर तिचे मोल शेकडो पट झाले. मध्ये तिच्यात काय बदलले? काही नाही. तिला कोणीतरी वाहून नेले, एवढेच.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. या वाटांवरून मिठाबरोबर माणसेही विकली गेली. दक्षिणेतून पकडलेले स्त्री-पुरुष उत्तरेच्या बाजारात जात, शतकानुशतके. मानसा मुसाच्या लवाजम्यात गुलाम होते, तघाझात गुलाम होते, ताकेद्दाच्या तांब्याच्या खाणीत गुलाम स्त्री-पुरुष राबताना इब्न बतूताने पाहिले. गोऱ्यांनी पुढे अटलांटिकवर जे केले त्याचे प्रमाण आणि क्रौर्य वेगळे. पण 'आफ्रिकेचे सुवर्णयुग' म्हणून नुसता हार घालून मोकळे होणारी पुस्तके मला पटली नाहीत.

पुढचे थोडक्यात. मालीनंतर गाओचे सोंघाई राज्य वर आले. सुन्नी अलीने १४६८ साली टिंबक्टू घेतले. नदीवरच्या नावा त्याच्या हाती होत्या हे त्याचे बळ. १४९३ पासून अस्किया महंमदाने राज्य आणखी वाढवले. पण तोवर समुद्रावर दुसरी वाट उघडली होती. पोर्तुगीजांनी १४८२ साली दक्षिणेच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला आणि अरण्यातले सोने तिकडे खेचायला सुरुवात केली. आणि १५९० साली मोरोक्कोच्या सुलतानाने सुमारे चार हजारांची फौज बंदुका देऊन वाळवंटापार पाठवली. १५९१ च्या मार्च महिन्यात तोंदिबीला लढाई झाली, सोंघाई कोसळले. सेनापती जुदार गाओच्या राजवाड्यात शिरला आणि त्याची निराशा झाली. मराकेशमधल्या गाढवे हाकणाऱ्यांच्या मुकादमाचे घर याहून बरे, अशा अर्थाचा निरोप त्याने धाडला, असे तिकडच्या बखरीत आहे. सुलतानाला वाटले होते सोन्याची खाण मिळेल. मिळाला नाका. आणि बंदुकीच्या धाकाने नाक्यावरची वर्दळ टिकत नाही, ती दुसरीकडून वाट काढते. तशी ती काढलीही.

मघाच्या तरुण साथीचा प्रश्न हा होता की रेल्वेच्या आधी तिथे काय होते. फ्रेंचांनी पहिला लोहमार्ग टाकला तो कायेसपासून नायजरवरच्या कुलिकोरोपर्यंत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुरा झाला. कायेस म्हणजे बांबुकच्या सोन्याचे दार. कुलिकोरो म्हणजे जिथल्या डोंगरात, गाथेप्रमाणे, किरिनाच्या लढाईनंतर सुमांगुरू गडप झाला ते गाव. रेल्वे तिथे का संपली? कारण बामाकोच्या खाली नदीला खळाळ आहेत, त्यांच्या पलीकडे कुलिकोरोपासून नावा टिंबक्टू-गाओपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे वाघिणीतून माल उतरवायचा आणि नावेत भरायचा. साहेबांनी नवी वाट शोधली नाही, जुन्या वाटेवर रूळ टाकले.

आणि १९४७ च्या ऑक्टोबरात त्या रुळांवरच्या गाड्या थांबल्या, तेव्हा सरकारचा हिशेब होता की महिनाभरात पोरेबाळे उपाशी पडतील आणि माणसे कामावर येतील. पाच महिने ती आली नाहीत. बायका आणि मुले गावोगावच्या नातेवाइकांकडे गेली, शेतकऱ्यांनी धान्य दिले, बाजारातल्या व्यापाऱ्यांनीही हात दिला. १९ मार्चला समझोता झाला तेव्हा संपाबद्दल कोणावर सूड उगवायचा नाही हे कलम त्यात होते.

बोलण्याच्या भरात चहाची वेळ टळून गेली आहे. ज्यांना पुस्तके पाहायची आहेत त्यांनी ती टेबलावरून घ्यावीत, पण नाव लिहून घ्यावीत. मागच्या वेळी दोन परत आलेली नाहीत.